लाल दोऱ्याची रोपं

"अहो, जरा इकडे या," शैलजा म्हणाली.

मी जाळीघराच्या मागे पंप उघडून बसलो होतो. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मी लगेच उठलो नाही. हातातला नट अर्धा सैल झाला होता. तो पूर्ण काढला, फडक्याला हात पुसले आणि मग गेलो.

ती जाळीघरात मधल्या वाफ्याजवळ उभी होती. वाफ्यात करडईची कोवळी रोपं होती. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट आदल्या दिवशीपेक्षा वाफा नीटनेटका दिसत होता. दाटी कमी झाली होती, माती हातानं मोकळी केलेली होती.

"छान दिसतंय की," मी म्हणालो.

"दोरे कुठे आहेत?"

मी खाली वाकून बघितलं. त्या वाफ्यातल्या काही रोपांना तिनं लाल लोकरीचे तुकडे सैल गाठ मारून बांधले होते. आठवडाभर ती दुखऱ्या कंबरेला पट्टा लावून ते काम करत होती. आता वाफ्यात एकही लाल तुकडा नव्हता.

"सुटून पडले असतील."

"सगळे?"

तिनं गेटवरच्या मैनुद्दीनला हाक मारली. मैनुद्दीन शेख हा आमच्या शेती संशोधन केंद्राचा पहारेकरी. आम्ही त्याला मैनूभाई म्हणायचो. तो धावत आला.

"मैनूभाई, काल इथे कोण आलं होतं?"

"कोणी नाही, मॅडम."

"कोणीच नाही?"

"बाहेरचं कोणी नाही. आजी आल्या होत्या तुमचा डबा घेऊन."

आजी म्हणजे माझी आई. ती आमच्याजवळ केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायची आणि दुपारी सुनेचा डबा घेऊन यायची. रोज ती व्हरांड्यात बसायची.

"आजी आत आल्या होत्या?"

"आता आजीला काय बाहेरचं म्हणायचं का, मॅडम? तुम्ही मीटिंगला. ऊन लई होतं. म्हणल्या, सुनेचं रान तरी बघू दे. मी म्हणलो, बघा. मी चहा पिऊन आलो तर निघाल्या होत्या. पदरात भाजी होती." तो थोडा थांबला. "चांगली झाली होती, मॅडम. संध्याकाळी वाटीभर आमच्याकडे पण पाठवल्या."

शैलजानं माझ्याकडे बघितलं.

आदल्या दिवशी आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला करडईची भाजी होती. मूगडाळ आणि लसूण घालून केलेली, सोबत ज्वारीची भाकरी. आमच्याकडे रब्बीत ही भाजी होतेच. करडई विरळायची वेळ आली की उपटलेली रोपं कोणी टाकून देत नाही. काटे यायच्या आत त्याची भाजी करतात. जेवताना शैलजा म्हणाली होती, "कोवळी आहे, नाही?" आणि तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतली होती.

"मी दोनदा घेतली," ती आता म्हणाली.

मैनूभाई घाबरला. "काय झालं, मॅडम? औषध मारलेलं होतं का? लेकरांनी पण खाल्ली आमच्या."

"काही होणार नाही. आम्ही जे केलंय ते फक्त बीत उतरतं. पानात साधी करडईच आहे."

"नक्की ना?"

"मी पण खाल्ली आहे, मैनूभाई."

त्याला तेवढं पुरलं. "मग कशाची काळजी?" तो म्हणाला.

तिनं वाफ्याच्या कडेला हात टेकून कंबर सरळ केली. "तुम्ही गेटवर बसा," ती म्हणाली. "आत्ता कोणाशी बोलू नका."

ती रोपं काय होती ते इथे सांगायला हवं. मी त्या केंद्रात इलेक्ट्रिशियन होतो. ती तिथे शास्त्रज्ञ होती. लग्न झालं तेव्हा ती कॉलेजात होती, पुढे शिकत गेली. मी आयटीआयवरच थांबलो. लोक मला मॅडमचे मिस्टर म्हणायचे, त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

मला कळावं म्हणून ती माझ्या भाषेत सांगायची. करडईचं झाड बीमध्ये तेल बनवतं. एका तेलापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं, अशी झाडाच्या आत वाट असते. त्या वाटेवर जागोजागी बटणं असतात. तिनं एक बटण कायमचं बंद केलं होतं आणि दुसरीकडून आणलेलं एक बसवलं होतं, तेही फक्त बी भरायच्या वेळेला चालू होईल असं. मग झाड मधल्याच तेलावर थांबतं. ते तेल उष्णतेनं लवकर बिघडत नाही, घट्ट होत नाही.

"ट्रान्सफॉर्मरमध्ये भरता येईल," ती म्हणाली होती.

ट्रान्सफॉर्मरमध्ये जे तेल असतं ते खनिज तेल. ते गळलं की जमीन जाते, पेटलं तर आटोक्यात येत नाही. मी दोनदा पेटलेलं बघितलं आहे. शेतात पिकवलेलं तेल त्या जागी चाललं असतं तर मोठी गोष्ट झाली असती. कोरडवाहू जमिनीत येणारं पीक, आणि ते जाणार वीज मंडळाला. ती हे बोलायला लागली की तिला थांबवावं लागायचं.

इतक्या वर्षांत अशी खूप झाडं तिनं करून बघितली. कुणाला बी धरलं नाही, कुणाचं तेल बदललंच नाही. शेवटी एकच झाड बरोबर निघालं. ते बरोबर आहे हे कळायलासुद्धा त्याचं राखून ठेवलेलं बी भरडून तेल तपासावं लागलं होतं. उरलेलं बी तिनं या वाफ्यात दाट पेरलं होतं. त्यातल्या प्रत्येक रोपात तो बदल उतरलेला नसतो. म्हणून तिनं प्रत्येकाचं पान तपासलं आणि ज्यांच्यात बदल होता त्यांना लाल दोरा बांधला. बाकीची नुसती तुलनेसाठी ठेवली होती. त्या लाल दोऱ्याच्या रोपांचं बी हातात आलं असतं म्हणजे काम पुढे गेलं असतं. दुसरीकडे कुठेही ते बी नव्हतं.

"आईंनी नुसते दोरे सोडले असतील," शैलजा म्हणाली. "आणि उपटली दुसरीच असतील. दाटी होती तिथली."

"असेल."

"मग पानं पुन्हा तपासून कळेल. चला."

क्वार्टर जवळच होतं. ती भराभर चालत होती. पट्टा असूनही.

आई ओट्याशी शेंगदाणे भाजत होती. आम्हाला बघून म्हणाली, "आगं, इतक्या लवकर? मी डबा आणणारच होते की."

"आई, काल तुम्ही वाफ्यातली रोपं काढलीत?"

"काढली की. निवडून काढली." आईनं गॅस बारीक केला. तिला या विषयावर बोलायचं होतं हे दिसत होतं. "तुझ्यानं वाकवंना झालंय. दोरे बांधून ठेवलीस आन् उपटायचं तसंच राहिलं. म्हणलं, बसून काय करायचं, हात तर रिकामेच हायत."

"दोरेवाली काढलीत?"

"दोरेवालीच! दुसऱ्याला हात न्हाई लावला."

"दोरेवालीच का, आई?"

"का म्हणजे? भेसळ नव्हं का ती?" आई माझ्याकडे वळली. "काशी, तूच सांग हिला. मी काय आज करायले का हे काम? तुझा बाप गेल्यावर कंपनीच्या बी प्लॉटावर किती साल काढले मी. मुकादम म्होरं चिंध्या बांधत जायचा आन् मागून आम्ही बाया उपटत जायचो. एक चिंधी मागं राहिली तर पगार कापायचा. माझी कधी राहिली न्हाई."

ते खरं होतं. बियाण्याच्या प्लॉटात वेगळ्या जातीचं झाड उगवलं की ते भेसळ. त्याला खूण करतात आणि उपटतात. मी लहान असताना बांधावर बसून तिला ते काम करताना बघितलं होतं.

"कालबी एक ठेवली न्हाई," आई म्हणाली. "दोनदा फिरून बघितलं."

मी शैलजाकडे बघितलं. तिनं दाराची चौकट धरली होती.

आईनं फळीवरून एक काड्यापेटी काढून तिच्या हातात दिली. "दोरे ठेवलेत यात. चांगली लोकर हाय, पुन्हा लागंल तुला."

शैलजानं काड्यापेटी घेतली. आई वाट बघत होती.

"भाजी आवडली ना रातच्याला?" आई म्हणाली. "दोनदा घेतलीस. मला तवाच कळलं."

"राहिलेली कुठे आहे?"

"ती काय, ओल्या फडक्यात. आज पीठ पेरून करते. काशीला आवडती."

"ती मला द्या."

"कच्ची? कच्ची घेऊन काय करायलीस?"

"ऑफिसात लागते."

"ऑफिसात भाजी?" आई हसायला लागली. "बघ रे बाबा काशी, साहेब लोक पाला खायलेत आता. ने बाई. मी मेथी करते."

जुडी अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. पानं ताजी होती. मुळं आईनं विळीवर कापून परसातल्या खड्ड्यात टाकली होती. शैलजा तिथे जाऊन बसली आणि पिशवीत एक एक मूळ गोळा करायला लागली. तिच्यानं वाकवत नव्हतं म्हणून मी खाली उतरलो.

"मुळंसुद्धा?"

"मुळंसुद्धा. देठ, पिवळी पानं, सगळं. तिथे त्या राखेखाली बघा."

मी राख उकरली. आतून शेंगदाण्याचा वास येत होता.

"हे लावलं तर येईल का?" मी विचारलं.

"मुळं नाही येणार."

"आणि पानं?"

तिनं एक देठ झटकून पिशवीत टाकला. "पानातून करता येतं," ती म्हणाली. "तुकडे करून काचेत वाढवायचे. करडई त्रास देते, पण मी केलेलं आहे."

"मग झालं की! एवढी जुडी आहे. इतका वेळ तोंड का पाडून बसलीस?"

"हे बाहेर आलंय."

"बाहेर कुठे? आपल्या घरात आहे."

"घर बाहेरच आहे, अहो. जाळीच्या बाहेर गेलेलं काहीही परत आत न्यायचं नाही. नष्ट करायचं आणि त्याच दिवशी कळवायचं. या रोपांच्या सरकारी परवानगीवर माझी सही आहे."

"कळवलंस तर काय होईल?"

"काम बंद करतील."

"किती दिवस?"

"परवानगी पुन्हा मिळेपर्यंत. मिळाली तर. आणि मिळाली तरी हे झाड नसेल."

मी खड्ड्यातून वर आलो. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. "हे बघ," मी म्हणालो, "मैनू बोलणार नाही. आईला तर काय केलं तेच माहीत नाही. मी बोलणार नाही. कोणाचं काय बिघडलं? तूच म्हणालीस पानात काही नाही."

"पानात काही नाही."

"मग गुपचूप ने आणि काचेत टाक. इतकी वर्षं घातलीस या झाडावर. आपल्या पोरीच्या आजारपणातसुद्धा रजा घेतली नाहीस. आणि आता हातात जिवंत जुडी असताना फेकणार?"

"तुम्ही बोलणार नाही, मैनूभाई बोलणार नाहीत, आईंना माहीत नाही," ती म्हणाली. "मला माहीत आहे ना."

"तुला कोण विचारतंय?"

"उद्या हे शेतात गेलं की सगळे विचारतील. खरंच बंदोबस्तात होतं का? मी हो कसं म्हणू?"

तिनं पिशवीचं तोंड बांधलं. उठताना तिला माझ्या हाताचा आधार घ्यावा लागला. मग ती पिशवी आणि जुडी घेऊन केंद्राकडे गेली. मी मागून गेलो, पण ऑफिसपर्यंत गेलो नाही. संचालकांशी बोलणं हा तिचा विषय होता. मी पंपापाशी जाऊन बसलो. काम काही केलं नाही.

संचालक डॉ. टेंकाळे. त्यांच्या खोलीचं दार बराच वेळ बंद होतं. मैनूभाई बाहेर स्टुलावर बसलेला दिसत होता. त्यालाही आत बोलावलं होतं की नुसतं थांबवलं होतं ते मला लांबून कळलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा पिशवी आणि जुडी तिच्या हातातच होती.

"काय म्हणाले?"

"बंद." ती चालत राहिली. "ऑटोक्लेव्ह लावायचाय. वाफ्यातली उरलेलीसुद्धा उपटून घ्या म्हणाले."

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. प्रयोगशाळेतून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट आधी त्यात शिजवतात, म्हणजे त्यातलं काही जिवंत राहत नाही. आम्ही वाफा रिकामा केला. तिनं सगळं भरलं. जुडी शेवटी ठेवली. झाकण लावलं आणि बटण दाबलं. दिवा लागला नाही.

लाइट गेली होती. त्या काळी आमच्याकडे लोडशेडिंग होतं आणि संध्याकाळपर्यंत लाइट यायची नाही.

"जनरेटर चालू करा," ती म्हणाली.

जनरेटर माझ्या ताब्यात होता. मी जागेवरून हललो नाही.

"डिझेल कमी आहे," मी म्हणालो.

"सकाळीच भरलंय. मी बघितलं."

"शैलजा, एक काडी ठेव. एक. दोन पानांची. तुझं झाड आहे ते."

तिनं झाकणाकडे बघितलं. मला वाटलं, ती उघडेल. तिचा हात झाकणावर होता. आत प्रयोगशाळेतल्या दोन मुली शांत उभ्या होत्या. त्यांना अजून काय झालं ते नीट माहीत नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "चालू करा."

मी जाऊन जनरेटर चालू केला. परत आलो तेव्हा ऑटोक्लेव्हचा दिवा लागलेला होता आणि ती स्टुलावर बसली होती. वाफ सुटेपर्यंत ती तिथेच होती. झाकण उघडल्यावर शिजलेल्या भाजीचा वास आला. मुलींपैकी एक हसली आणि दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

त्यानंतर जे झालं ते थोडक्यात सांगतो. एक समिती येऊन गेली. त्यांनी वाफा बघितला, आमचा परसातला खड्डा बघितला. आईला वाटलं, नगरपालिकेची माणसं आहेत. तिनं त्यांना चहा दिला. मला नवल वाटलं की तिला कोणी एक प्रश्न विचारला नाही. मी समजलो, म्हातारी बाई म्हणून सोडून दिलं. करडईचं काम थांबलं. शैलजाला बियाणं तपासणीच्या विभागात बसवलं. तिथे बी उगवतं की नाही एवढंच बघायचं असतं. निवृत्त होईपर्यंत ती तिथेच होती.

केंद्रात गोष्ट पसरली. लोक तिला पाठीमागे भाजीवाल्या मॅडम म्हणायला लागले. कँटीनमध्ये कोणी पालेभाजी घेतली की दुसरा म्हणायचा, "आधी परवानगी घे रे." एकदा माझ्यासमोर असं झालं. मी ताट ठेवून उठलो. घरी तिला सांगितलं तर म्हणाली, "हसू द्या. भाजी तर खाल्लीच होती."

मला तिचा राग होता. चूक दुसऱ्याची, ती सांगायला हिला जायची गरज नव्हती, असं मी धरून चाललो होतो. एक-दोनदा बोलूनही दाखवलं. ती उत्तर द्यायची नाही. पुन्हा परवानगी मागायला सांगितलं तर म्हणाली, "आता दुसरं कोणीतरी करेल."

डबा मात्र तिनं त्या दिवसापासून बंद केला. सकाळी स्वतः भरून न्यायची. राग होता की नवा नियम होता, मला सांगता येत नाही. आईला ते लागलं. तिला कारण माहीत नव्हतं. मावा कीड पडून रान गेलं, एवढंच शैलजानं तिला सांगितलं होतं. मलाही, आईला सांगू नका, म्हणाली होती. "त्यांना सांगून रोपं परत येणार आहेत का?" आईचा समज असा झाला की सुनेला मोठेपणा आला, आता सासूच्या हातचा डबा ऑफिसात न्यायला लाज वाटते. दोघी एका घरात राहिल्या. भांडल्या नाहीत. पण पूर्वीसारखं बोलणंही राहिलं नाही. शैलजा आजारी पडली तेव्हा आईनं तिचं सगळं केलं, पण तेही न बोलताच.

मागच्या चैत्रात शैलजा गेली.

मैनूभाई भेटायला आला तो बऱ्याच दिवसांनी. त्याला उशिरा कळलं होतं. आता तो लातूरला मुलाकडे असतो, मुलाचं बेकरीचं दुकान आहे. येताना खारी आणि नानकटाई घेऊन आला. दाढी पूर्ण पांढरी झाली आहे. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. आई आत पडून होती. आता तिला कमी दिसतं, ऐकू मात्र चांगलं येतं.

"मॅडमचे उपकार हायत माझ्यावर," तो म्हणाला.

"कसले?"

"म्हणजे?" त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत नाही?"

"काय?"

त्यानं आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"त्या दिवशी सरांनी मला आत बोलवायच्या आधीच मॅडमनी समदं स्वतःच्या अंगावर घेऊन सांगून टाकलं होतं. रोपं मी उपटली, भाजी मी घरी नेली. सर म्हणाले, तुम्ही? स्वतः दोरे बांधून स्वतःच उपटली? लहान लेकरू तरी खरं मानंल का, मॅडम? मी दाराशी होतो, सगळं ऐकू येत होतं. मॅडम म्हणाल्या, कंबर दुखत होती, लक्ष नव्हतं. सर म्हणाले, लोक हसतील तुम्हाला. मॅडम म्हणाल्या, तसंच लिहून घ्या, सर."

"आणि तू?"

"मला आत बोलावलं तर मी खरं सांगायला तोंड उघडलो. मॅडमनी बघितलं माझ्याकडे. नंतर बाहेर येऊन म्हणाल्या, मैनूभाई, दार तुम्ही कोणाला उघडलंच नाही. तुमचं नाव आलं तर नोकरी जाईल. आईंचं आलं तर समिती त्यांना ऑफिसात बसवून विचारंल. म्हातारपणी त्यांना कळंल आपण काय केलं ते. मला ते नकोय." त्यानं पुन्हा आतल्या दाराकडे बघितलं. "सरांना समदं कळलं होतं, साहेब. पण लिहिलं त्यांनी मॅडमनी सांगितलं तेच."

त्या दिवशी खड्ड्यापाशी ती मला म्हणाली होती की खोटं 'हो' मला म्हणता येणार नाही. त्यानंतर थोड्याच वेळात ती सरांशी खोटं बोलली होती. दोन माणसांसाठी. आणि त्याची किंमत म्हणून वर्षानुवर्षं भाजीवाल्या मॅडम हे नाव ऐकून घेतलं. मीही तिला ऐकवलं होतं.

"तुम्हाला सांगितलं असंल असं मला वाटलं," मैनूभाई म्हणाला.

"नाही."

आतून आईची हाक आली. "कोण आलंय रे? मैनू का? आवाज ओळखला मी."

तो आत जाऊन तिच्या खाटेजवळ बसला. मी चहा करायला गेलो. स्वयंपाकघरातून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"कसं हाय, आजी?"

"कसं असणार. माझं जायचं वय, आन् गेली ती." आईनं अंगावरची चादर सारखी केली. "लई हुशार होती बाबा. माझ्याशी मात्र तिचं जमलं न्हाई."

"असं कसं, आजी."

"खरं सांगायले. तुला आठवतंय का, तूच दार उघडून दिलतास. तिचं समदं रान निवडून दिलं मी, भर उन्हात. पुढं मावा पडला ते वेगळं. पण कधी तोंडातून, आई, बरं केलंत, एवढं निघालं न्हाई तिच्या. त्याच दिवसापासनं माझा डबाबी बंद केली. काय चुकलं माझं, अजून कळंना झालंय."

मी चहा घेऊन आलो तेव्हा मैनूभाई माझ्याकडे बघत होता. आईनं कप हातात घेतला, नानकटाई बुडवून खाल्ली आणि बेकरीची चौकशी केली.

त्याला सोडायला मी फाटकापर्यंत गेलो.

"आजीला सांगणार का?" त्यानं विचारलं.

"बघू."

"मॅडमनी नको म्हणलं होतं."

"हो."

"पण आजी मॅडमला दोष देत जातील मग."

रिक्षा आली, तो गेला.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. करडईचं काम केंद्रात पुन्हा कोणी सुरू केलं नाही. आमच्या फाट्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये अजून खनिज तेलच आहे. शैलजानं न सांगितलेलं मला कळलं आहे, आणि आईला सांगायचं राहिलं आहे.